अनाशी ढाकाचा सण



गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात सामान्यज्ञानाची तोंडी चाचणी चालू होती. ‘बूट पॉलिश’ (१९५४) या चित्रपटात जॉन चाचाची भूमिका करणारे अभिनेते डेव्हिड यांचे आडनाव काय, असा एक प्रश्न होता. उत्तर होते चेऊलकर. डेव्हिड अब्राहम चेऊलकर. वर्गात थोडी कुजबुज झाली आणि मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘‘मॅडम, नाव इंग्रजी आणि आडनाव आपल्यासारखं? मग ते आपल्यातलेच का?’’ मी त्याला सांगितले की ते यहुदी, म्हणजे ज्यू होते आणि त्यांच्या समाजाच्या घरची भाषा मराठी होती. मुलांचा विश्वास बसेना. घंटा झाली म्हणून, वार्तापत्रात सविस्तर लिहीन असे मी कबूल केले. हा लेख म्हणजे त्या वर्गाची उधारी आहे. माझे बी.ए. हिंदी माध्यमातून झाले आहे, तेव्हा कुठे हिंदी वळण आले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

या समाजाचे नाव बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे. त्यांच्या परंपरेनुसार फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते नवगावलाच पुरली. तेथे आज स्मारक आहे. धर्मग्रंथ पाण्यात गेले आणि हळूहळू हिब्रू भाषाही विसरली. वाचलेल्यांचे वंशज कोकणातल्या गावागावांत पसरले, तेल गाळण्याचा धंदा करू लागले आणि ज्या गावी राहिले त्या गावाचे आडनाव लावू लागले. चेऊलचे ते चेऊलकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे केहिमकर. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. शनिवार का पाळायचा, हे कदाचित त्यांनाही नीट सांगता आले नसते. पण घाणा बंद राहिला.

त्यांचे सण कोणते होते हे पाहिले की मला नेहमी नवल वाटते. हाईम सॅम्युएल केहिमकर या गृहस्थांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला (तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. तोपर्यंत लेखक हयात नव्हते). त्यात जुन्या सणांची नावे दिली आहेत आणि ती सगळी अस्सल मराठी आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. दारफाळणी म्हणजे दारे लावून घेणे. त्या दिवशी घराची दारे बंद करून कडक उपास करायचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा गोरगरिबांना दानधर्म करायचा. बाकीचे यहुदी दारफाळणीच्या दिवसाला ‘योम किप्पुर’ म्हणतात. कोकणातल्या घरी ते नाव कोणाला ठाऊक नव्हते.

आणि चैत्राच्या सुमारास येई तो ‘अनाशी ढाकाचा सण’. ‘अनास’ म्हणजे, केहिमकरांनी दिलेल्या अर्थानुसार, आंबट कालवणाचे मातीचे मडके. ‘ढाकणे’ म्हणजे झाकणे. आपल्या मुलांना हिंदीतले ‘ढकना’ लगेच आठवेल. तर हे आंबट मडके आठ दिवस झाकून ठेवायचे, असा हा सण. का झाकायचे? आई झाकत होती म्हणून, आणि आजी झाकत होती म्हणून. मडके झाकण्याची रीत टिकली, तिच्यामागची गोष्ट मात्र मधल्या काळात गळून पडली.

आता ती गोष्ट सांगते. इजिप्तमध्ये यहुदी लोक गुलाम होते, राजासाठी विटा पाडीत होते. मोशे या नेत्याने राजाला सांगितले की माझ्या लोकांना जाऊ दे. राजा ऐकेना. एकामागून एक दहा संकटे आली. शेवटचे संकट सर्वांत भयंकर होते, प्रत्येक घरातला थोरला मुलगा मरण्याचे. ज्या घरांच्या चौकटीला कोकराच्या रक्ताची खूण होती, ती घरे मृत्यूने ओलांडली आणि तो पुढे गेला. त्याच रात्री लोक निघाले. इतक्या घाईने निघाले की भिजवलेली कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही, तशीच भाजून घेतली. म्हणून सणाचे हिब्रू नाव ‘पेसाह’, म्हणजे ओलांडून जाणे. आणि मराठी बायबलात त्याला शब्द आहे ‘वल्हांडण’. वल्हांडणे, वलांडणे, ओलांडणे ही एकाच घरची भावंडे. हा शब्द मी प्रथम वाचला तेव्हा मला तो वल्ह्यांशी, म्हणजे नावेशी संबंधित वाटला होता. शब्दकोश उघडायचा आळस केला की असे होते, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

त्या घाईची आठवण म्हणून आठ दिवस (इस्राएल देशात सात) खमीर असलेले काही खायचे नाही, घरात ठेवायचेही नाही. घराचा कानाकोपरा झाडून काढतात, भांडी घासून, उकळत्या पाण्यातून काढून घेतात, काही घरी तर या आठ दिवसांची भांडी निराळीच असतात. भाकरी असते फक्त पीठ आणि पाण्याची. पाणी लागल्यापासून ती अठरा मिनिटांच्या आत भाजून झाली पाहिजे, नाहीतर पीठ आंबू लागले असे धरतात. तिला हिब्रूत ‘मात्सा’ म्हणतात, मराठीत बेखमीर भाकर. माझ्या मुलीने विचारले, मग दही चालते का? चालते, कारण बंदी गहू, जव अशा पाच धान्यांच्या आंबण्यावर आहे. युरोपातले बरेचसे यहुदी या दिवसांत तांदूळही वर्ज्य करतात. आपले कोकणचे मात्र भात खातात. कोकणात राहून आठ दिवस भात नाही, हे कोणाला जमले असते!

पहिल्या रात्री घरातले सगळे एकत्र बसतात. त्या बैठकीला ‘सेदेर’ म्हणतात, म्हणजे क्रम. ताटात एकेक वस्तू ठरलेली. गुलामीचा कडवटपणा म्हणून कडू पाला, अश्रूंसाठी मिठाचे पाणी, विटांचा चिखल म्हणून गोड चटणीसारखा एक पदार्थ, जो आपल्याकडे बहुधा खजुराचा करतात. द्राक्षासवाचे चार पेले. बेने इस्राएल घरांत मनुका भिजवून, कुस्करून त्याचे सरबत करण्याची पद्धत आहे. ही रात्र पौर्णिमेची असते, बहुतेक वर्षी आपली चैत्र पौर्णिमाच. पाडव्याला कडुनिंबाची पाने आणि गूळ खाऊन पंधरा दिवस झालेल्या आपल्यासारख्यांना कडू पाल्याची गोष्ट फार समजावून सांगावी लागत नाही.

शिक्षिका म्हणून मला सर्वांत आवडते ती पुढची रीत. गोष्ट सुरू होते ती घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नाने. आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? आज अशी भाकर का, कडू का, दोनदा बुडवून का खायचे, लोडाला टेकून का बसायचे? मुलाने विचारल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. शिवाय पोथीतच चार प्रकारचे मुलगे सांगितले आहेत. एक शहाणा, एक उद्धट, एक साधाभोळा आणि चौथा, ज्याला प्रश्न विचारताच येत नाही. चौथ्यासाठी आईवडिलांनी स्वतः होऊन सुरुवात करायची. आपल्या वर्गांत हा चौथा मुलगा संख्येने सर्वांत जास्त असतो, हे मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.

पण कोकणच्या त्या घरी मूल विचारी तेव्हा उत्तर काय मिळत असेल? ‘अनास झाकायचा असतो, म्हणून.’ उत्तर परत आले ते मराठीतूनच. आधी दावीद राहाबी नावाच्या गुरूने त्यांना धर्माची ओळख करून दिली, असे परंपरा सांगते. पुढे कोचीनचे यहुदी शिक्षक आले. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या आणि बायबल मराठीत वाचता येऊ लागले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू वेगळा होता, झाले मात्र असे की हे लोक आपल्याच धर्मात अधिक पक्के झाले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, जिला ‘हग्गादा’ म्हणतात, मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत छापली गेली. १८७४ साली पुण्यात सचित्र निघाली. त्या पुण्याच्या पोथीतले चित्र मी पाहिले आहे. बेखमीर भाकरी करण्याचा प्रसंग आहे आणि भाकऱ्या करणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. गोष्ट इजिप्तची, लिपी एका बाजूला हिब्रू, आणि चित्रातल्या बायका आपल्या आत्या-मावश्यांसारख्या.

ज्या केहिमकरांनी इतिहास लिहिला त्यांनीच १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला मदत केली. माझगावातली ही इस्राएली शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन या १९२२ ते १९५० इतका काळ तिच्या मुख्याध्यापिका होत्या. समाजातले बहुसंख्य लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले (तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढले), आणि त्या शाळेत आता यहुदी नसलेलीच मुले अधिक आहेत. शाळा बंद झाली नाही, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवू लागली. आपल्या संस्थेच्या वाटचालीशी याचे काही साम्य वाटते का, ते विश्वस्तांनी ठरवावे. आपल्याकडेही शिंद्यांच्या लष्करासोबत आलेल्या कुटुंबांची मुले एका वर्गात आता किती असतात, हे हजेरीपटावरून दिसतेच.

येथपर्यंत लिहून थांबणार होते. पण तयारी करताना एक नियम वाचनात आला आणि त्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. ‘मिश्ना’ हा यहुद्यांचा सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा नियमग्रंथ आहे. त्यात वल्हांडणाच्या प्रकरणात सांगितले आहे की समाजातल्या अगदी दरिद्री माणसानेही त्या रात्री टेकून बसल्याशिवाय जेवू नये. आणि त्याला चार पेल्यांपेक्षा कमी मिळता कामा नयेत, मग ते गावाच्या दानातून द्यावे लागले तरी चालेल. त्या काळी टेकून बसून जेवणे ही मोकळ्या, मानी माणसाची बैठक होती. गुलाम उभा राहून, घाईने खाई. म्हणजे नियम असा झाला की गरिबाला फक्त जेवण देऊन भागत नाही. त्या रात्री तो मालकासारखा टेकून बसला पाहिजे, आणि ही जबाबदारी त्याची नाही, गावाची आहे.

याच नियमातून पुढची सारी व्यवस्था उभी राहिलेली दिसते. सणाआधी गावातून ‘गव्हाचे पैसे’ गोळा करायचे आणि गरजूंच्या घरी पीठ पोचवायचे, ही जुनी रीत. दानाला त्यांच्याकडे शब्द आहे ‘त्सदाका’, आणि त्याचे मूळ दयेत नसून न्यायात आहे. बाराव्या शतकातले विद्वान मैमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खालची, कुरकुरत देणे. वरून दुसरी, जेथे देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा. सर्वांत वरची पायरी म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे. याच विचाराने जगभर त्यांच्या कुटुंबसेवा संस्था निघाल्या. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात १८५४ साली, शहर अगदी लहान असताना, हिब्रू बेनेव्होलंट सोसायटी स्थापन झाली. तीच आज तेथे ज्यूइश फॅमिली सर्व्हिस या नावाने काम करते. अशा संस्था वृद्धांना जेवण पोचवतात, तुटलेल्या संसारांना सल्ला देतात, आणि यहुदी नसलेल्यांनाही मदत करतात. वल्हांडणाच्या आधी त्यांच्याकडून गरजू घरी शिधा जातो. मुंबईत बेने इस्राएल स्त्रियांनी १९१३ साली आपले स्त्री मंडळ काढले. १९१४ साली न्यूयॉर्कला सुरू झालेली ‘जॉइंट’ ही मोठी मदतसंस्था १९६०च्या दशकापासून भारतात राहिलेल्या वृद्ध व गरजू यहुद्यांसाठी काम करीत आली आहे. मुलेबाळे परदेशी गेली आणि मागे म्हातारी माणसे उरली, हे दुखणे त्यांचेच आहे असे नाही.

मिश्नेतच आणखी एक नोंद आहे. जेरुसलेमच्या मंदिरात एक खोली होती, गुप्त खोली. भाविक तेथे जाऊन गुपचूप दान ठेवीत आणि चांगल्या घरची पण अडचणीत आलेली माणसे तेथूनच गुपचूप घेऊन जात. आत गेलेला माणूस ठेवायला गेला की घ्यायला, हे बाहेरच्यांना कळत नसे.

हे वाचल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. ती आपल्या शाळेतली नाही, पण चूक माझीच आहे. मी नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. त्या शाळेत एका सज्जनांनी गरीब मुलांसाठी गणवेशाचे कापड दिले होते. वाटपाचे काम माझ्याकडे आले. मी उत्साहाने यादी केली आणि प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, एकेक नाव पुकारून मुलांना पुढे बोलावले. सातवीतली एक मुलगी उठलीच नाही. मी दोनदा नाव घेतले. ती मान खाली घालून बसून राहिली. कापड माझ्या कपाटात पडून राहिले आणि ती वर्षभर उसवलेला फ्रॉक घालून आली. मला तेव्हा तिचा रागच आला होता. निकालाच्या दिवशी तिची आई भेटली. म्हणाली, ‘‘बाई, कापड नको होतं असं नाही. नाव नको होतं.’’

आपल्या शाळेत वार्षिक समारंभात दात्यांची नावे वाचली जातात, ते योग्यच आहे. त्यानंतर मदत मिळालेल्या विद्यार्थ्यांना मंचावर बोलावून, दात्यांच्या हस्ते पाकीट देऊन, फोटो काढण्याची प्रथा आहे. ती मी आल्यापासून आहे आणि मीही ती आजवर चालू ठेवली. आता ती बंद करावी, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. पहिल्या चर्चेत दोन आक्षेप आले. फोटो नसेल तर दात्यांचा विश्वास कसा बसणार, आणि मुलांना कृतज्ञता कशी शिकवणार. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. मदतीची नोंदवही राहील, ती लेखापरीक्षक पाहतील, फक्त ती वर्गशिक्षक आणि प्राचार्य यांच्याबाहेर जाणार नाही. दुसऱ्याचे उत्तर मला अजून पूर्ण सुचलेले नाही. इतके मात्र म्हणेन की ज्या मुलांना आम्ही मंचावर बोलावले, त्यांतील किती जण मोठेपणी शाळेत परत आले, याचा विचार आपण सर्वांनी करावा. सहलीच्या वर्गणीचेही तसेच आहे. ‘आमचा मुलगा येणार नाही, त्याला गाडी लागते’ असे जेव्हा एकाच घरून तीन वर्षे कळवले जाते, तेव्हा ते गाडीबद्दल नसते, हे आता मला समजते. अशा पालकांनी थेट माझ्याकडे यावे. अर्ज लिहावा लागणार नाही.

प्रस्तावावर पुढच्या बैठकीत निर्णय होईल. पालकांनी आपले मत लेखी कळवावे. विरोधी मतही चालेल, ते मी बैठकीत वाचून दाखवीन.

आता विद्यार्थ्यांसाठी अभ्यास. तुमच्या घरी अशी एखादी रीत असेल जी सगळे पाळतात पण कारण कोणाला सांगता येत नाही. ती शोधा. आजी-आजोबांना विचारा, आजी नसेल तर शेजारच्या काकूंना विचारा. ‘असंच असतं’ हे उत्तर मिळाले तर तेही तसेच लिहून आणा, लाजू नका. रीत कोणती, कोणत्या दिवशी, स्वयंपाकघरात की देवघरात, आणि तिला तुमच्या घरी कोणता शब्द आहे, एवढे लिहा. एक पान पुरे. लिहायचे मराठीत, पण शब्द अडला तर हिंदी शब्द घाला आणि खाली रेघ मारा, मी मराठी शब्द शोधून देईन, आणि मला सापडला नाही तर आपण दोघे मिळून शोधू. कागद वर्गशिक्षकांकडे महिन्याच्या वीस तारखेपर्यंत द्यावेत. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत.

आणि आठवी ‘ब’च्या मागच्या बाकावरच्या त्या मुलाने मला येऊन भेटावे. पुण्याच्या पोथीतल्या त्या चित्राची प्रत त्याच्यासाठी काढून ठेवली आहे.

— प्राचार्या